आई थांबेल

"स्ट्रोलर वर जाणार नाही," कौस्तुभ म्हणाला आणि त्याने बाबागाडीच्या चाकाला हलकीशी लाथ मारली, जणू चूक चाकाचीच होती.

समोरची वाट खरंच तशी होती. दोन्ही बाजूंना दगडावर दगड रचलेल्या बुटक्या भिंती, मधून खडी, पुढे मोठाले धोंडे, आणि टेकडीच्या डोक्यावर एक जुना दगडी किल्ला. त्या किल्ल्याला मागची बाजू नाही. तिथे जमीनच संपते. तीनशे फूट खाली अटलांटिक महासागर, आणि काठाला ना कठडा ना दोर. लोक पोटावर झोपून सरपटत काठापर्यंत जातात आणि खाली डोकावतात. आयर्लंडच्या पश्चिमेला इनिश मोर नावाचं बेट आहे, तिथला हा कडा. तो बघण्यासाठीच आम्ही सकाळी बोटीने आलो होतो.

आम्ही म्हणजे माझा धाकटा भाऊ कौस्तुभ, त्याची बायको ऋता, त्यांची पाच महिन्यांची रेवा, आई, बाबा आणि मी. आम्ही सगळे थोडा वेळ त्या स्ट्रोलरकडे बघत उभे राहिलो. मग बाबा टोपी सारखी करत म्हणाले, "त्यात काय एवढं? आई थांबेल."

"हो हो," आई लगेच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला काय."

माझे कान तापले. राग आला की माझे कान लाल होतात, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. त्या दिवशी टोपीखाली ते कोणाला दिसले नाहीत एवढंच.

आमच्या घरात आईबद्दल निर्णय कोणी घेत नाही, ते आपोआप होतात. रायगडाच्या पायथ्याशी आई थांबली होती, कारण आजींना चढवत नव्हतं. अजिंठ्याला ती बसस्टँडवर थांबली, कारण कौस्तुभला ताप होता. महाबळेश्वरला एका पॉइंटवर ती जीपमध्ये बसून राहिली, कारण जीपच्या दाराला कुलूप लागत नव्हतं. आमच्या सहलींचे तीन जाडजूड अल्बम आहेत. त्यात आई एकदाही कुठल्या शिखरावर नाही. ती सामानाजवळ असे आणि सामानाचे फोटो कोणी काढत नाही.

पण या कड्याची गोष्ट वेगळी होती, आणि ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आई मिरजेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. नववीच्या वर्गात सागरी लाटांचं कार्य हा धडा आला की ती फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढायची. सागरी कडा, सागरी गुहा, सागरी कमान, आणि कड्याच्या पायथ्याशी लाटांनी घासून सपाट केलेला तरंगघर्षित मंच. तो शब्द ती असा म्हणायची की तो तिच्या माहेरचा कोणी असावा. मीही त्याच शाळेत होते, मीही ती आकृती काढली आहे. आणि आईने आयुष्यात असा कडा कधी पाहिला नव्हता. तिचा समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची वाळू आणि भेळ. कौस्तुभला आयर्लंडमधल्या गॉलवेत नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी तिथे पगार किती, थंडी किती असं विचारलं. आईने विचारलं, "तिथे सागरी कडे आहेत ना रे?"

"आहेत की. तू ये, दाखवतो," तो म्हणाला होता.

ती आली. ऋताच्या बाळंतपणासाठी आली, ते वेगळं. पाच महिने ती त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, धुरी, दुपटी, रात्रीची जागरणं. दर शनिवारी कड्यावर जायचं ठरायचं आणि दर शनिवारी काहीतरी निघायचं. कधी पाऊस, कधी रेवाची लस, कधी कौस्तुभच्या ऑफिसातलं कोणीतरी जेवायला. शेवटी आईला परत न्यायला म्हणून बाबा आणि मी पंधरा दिवसांसाठी गेलो. मंगळवारी आमचं विमान होतं. आज शनिवार. आज नाही तर कधीच नाही, इतकं ते सरळ होतं. आईने त्यासाठी स्वतः दुकानात जाऊन बूट घेतले होते, खडबडीत तळव्यांचे. घरात घालून चालून पाहत होती चार दिवस.

"मी थांबते रेवाजवळ," मी म्हटलं. "आई, तू जा यांच्याबरोबर."

"अगं, तू एवढ्या लांबून आलीस."

"तू काय शेजारून आलीस?"

"भांडू नका," बाबा म्हणाले. "आणि तिचे गुडघे बघ. ही वाट काय तिच्या गुडघ्यांची आहे?"

ते गुडघे पाच महिने बाळाला घेऊन तीन मजले चढउतार करत होते, कारण त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तेव्हा त्यांची चौकशी कोणी केली नव्हती. मी हे बोलणार होते, पण आईने माझा दंड दाबला. तिचं हे दाबणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचा अर्थ, लोकांसमोर नको.

कौस्तुभने तोडगा काढला. आधी आपण चौघं जाऊ, तासाभरात खाली येऊ, मग आई आणि ताई जातील. बस चारला आपल्याला धक्क्यावर न्यायला येणार, तिथून शेवटची बोट पाचची. वेळच वेळ आहे. आई म्हणाली, "हे छान झालं." तिने सगळ्यांच्या पिशव्या भिंतीशी ओळीने लावल्या, जॅकेटं घडी करून वर ठेवली, आणि स्ट्रोलरची पाठ वाऱ्याकडे करून बसली.

वाटेवर बाबा प्रत्येक पाटीपाशी थांबले. जुन्या किल्ल्याची माहिती त्यांनी मोठ्याने वाचली, अवघड नावं दोनदा वाचली. मग एका मोठ्या दगडावर पाय ठेवून फोटो. मग कौस्तुभचा फोटो. मग कौस्तुभ आणि ऋताचा, एकदा चष्म्यासकट आणि एकदा चष्म्याशिवाय. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ दाखवत होते. बाबा म्हणाले, "तू सुट्टीवर आली आहेस का ऑफिसात?"

वर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. किल्ल्याच्या आत मोकळं गवत, त्यात सपाट खडक, आणि मग एकदम आभाळ. काठावर पाचसात माणसं पालथी पडली होती, त्यांचे फक्त बुटांचे तळवे दिसत होते. खालून धडधड ऐकू येत होती, पायांनाही जाणवत होती. मी काठापासून दहाबारा पावलांवर थांबले.

"ये ना ताई," कौस्तुभ म्हणाला. "कसली भारी जागा आहे!"

मी गेले नाही. आईच्या आधी मी तो कडा बघणार नव्हते. आता सांगताना हे पोरकट वाटेल, पण तेव्हा माझ्या हातात तेवढंच होतं. मी पाठ फिरवून गवताकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, "चला आता. आईची पाळी."

"आत्ताच तर आलो," बाबा म्हणाले.

"तीन वाजून गेलेत. खाली जायला वीस मिनिटं. तिला वर यायला अर्धा तास. बस चारला."

बाबांनी हिशेब ऐकला आणि तो त्यांना पटला. पण जे पटायला हवं होतं ते नाही पटलं. "म्हणजे आता ती येऊन परत जाणं शक्यच नाही," ते म्हणाले. "कौस्तुभ, तिला व्हिडिओ कॉल लाव की."

त्याने लावला. आई पडद्यावर आली, मागे दगडी भिंत, कानाला स्कार्फ. कौस्तुभ ओरडला, "आई, हा बघ तुझा कडा," आणि त्याने फोन काठाकडे धरून एक गिरकी घेतली. वाऱ्याचा नुसता खरखराट. बाबा मध्ये शिरून म्हणाले, "दिसला का? दिसला का?"

"दिसला, दिसला," आईचा आवाज आला. "छान आहे. जपून या."

फोन बंद झाला. बाबांनी हात झटकले. "झालं. बघितला तिने. आता कशाला उगाच चढउतार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कड्याच्या काठावर, परक्या देशात, आजूबाजूला माणसं झोपलेली असताना मी माझ्या बाबांना काय बोलणार होते? जे बोलायचं होतं त्याला मिरजेतल्या स्वयंपाकघराची दारं बंद असायला हवी होती. मी वळले आणि उतरायला लागले. उतरले कसली, जवळजवळ पळालेच. दोनदा पाय घसरला.

आई तिथेच होती. रेवा झोपली होती. आईने कोणाचातरी सुटलेला मफलर पुन्हा घडी केला होता.

"जा," मी म्हटलं.

"बघितला की मी फोनवर."

"काय बघितलंस?"

"निळं काहीतरी दिसलं. आणि ह्यांची टोपी."

"आई, जा."

"बस येईल ना गं."

"येऊ दे."

"आणि रेवा उठली तर?"

"माझी भाची आहे ती. मी खाणार नाही तिला."

आई हसली नाही. तिने वाटेकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. एकदम खाली वाकून तिने दोन्ही नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या. पर्स माझ्याकडे दिली. पाण्याची बाटली दिली. गळ्यातली चष्म्याची दोरी सारखी केली. मी म्हटलं, "कोणाशी बोलत बसू नकोस वाटेत," आणि ती निघाली. एकदाही मागे न बघता, शाळेची घंटा झाल्यावर वर्गाकडे जायची तशी, कोपरं बाहेर काढून.

अर्ध्या वाटेवर वरून उतरणारे तिघं तिला भेटले. मला खालून फक्त आकृत्या दिसत होत्या. बाबांचा हात वर झाला, मग त्यांनी तिचा दंड धरला. थोडा वेळ कोणीच हललं नाही. मग आईने दंड सोडवून घेतला, त्यांना वळसा घातला आणि पुढे चढू लागली. बाबा तिथेच वळून तिच्याकडे बघत उभे राहिले. माझं काळीज असं धडधडत होतं की मला वाटलं रेवा उठेल.

तिघं खाली आले. बाबांचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता, किंवा वाऱ्याने नसेल.

"तू पाठवलंस तिला?"

"मी जा म्हटलं. गेली ती."

"बस दहा मिनिटांत येईल, कळतंय का? मी तिला सांगितलं, परत फिर. ऐकलं नाही माझं."

"तुम्ही हात धरलात तिचा."

"पडली असती म्हणून धरला."

"ती चढत होती, बाबा. पडत नव्हती."

कौस्तुभ मध्ये पडला. "ताई, तू ना प्रत्येक गोष्टीचा इश्यू करतेस. मी दाखवला की तिला व्हिडिओवर."

"तू तिला बाबांची टोपी दाखवलीस. पाच महिने तुझी पोर सांभाळली तिने, कौस्तुभ. एक शनिवार मागितला होता. एक. तोही तू तिला फोनवर गुंडाळलास."

"तिनेच सांगितलं, मी थांबते म्हणून."

"तिला दुसरं काही म्हणायला शिकवलंय का कोणी?"

"मी सकाळी म्हटलं होतं, बाळाला छातीशी बांधायची ती पिशवी घेऊ या," ऋता हळूच म्हणाली. ती रेवावर वाकली होती, आमच्याकडे बघत नव्हती. "म्हणजे स्ट्रोलरचा प्रश्नच आला नसता. हा म्हणाला, कशाला ओझं? आई आहे ना."

कौस्तुभने तिच्याकडे असं पाहिलं की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लहानपणी दिली असती. तो तेहतीस वर्षांचा बाप होता म्हणून वाचला.

बस आली. आत आमच्यासारखेच प्रवासी बसले होते. ड्रायव्हर उतरला, आम्हाला मोजलं आणि एक कमी असल्याचं त्याच्या लक्षात आलं. कौस्तुभने त्याला सांगितलं, आई वर आहे. ड्रायव्हरने टेकडीकडे पाहिलं, मान हलवली. दहा मिनिटं थांबतो, म्हणाला. थांबलाही. मग म्हणाला, मला माफ करा, यांची बोट आहे, आणि बोट माझं ऐकत नाही.

आम्ही सगळे पुन्हा एकदा उभे राहिलो, दुपारी स्ट्रोलरभोवती उभे होतो तसेच. बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली.

"मग असं करू," ते म्हणाले. "वृंदा थांबेल. आपण होऊ पुढे."

किती सहज म्हणाले. वाईट हेतूने नाही, हेच वाईट. आईची जागा आईने सोडल्याबरोबर त्यांनी तिथे मला बसवलं, आणि आपण काही केलं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी स्ट्रोलरचा ब्रेक पायाने दाबला. "नाही," मी म्हटलं. "सगळे थांबतील."

"वेड लागलंय का तुला? रात्री राहायचं कुठे?"

"ते बघू. आई खाली येईल तेव्हा तिच्यासाठी सगळे इथे असतील. तुम्ही, मी, हा, सगळे. आयुष्यात एकदा. ज्याला जायचंय त्याने मला इथून उचलून बाजूला ठेवावं आणि जावं."

मी ओरडत होते. बसमधले लोक खिडकीतून बघत होते आणि त्यांना मराठी येत नव्हतं, पण सगळं कळत होतं. ऋता माझ्या शेजारी येऊन भिंतीवर बसली. ड्रायव्हरने सगळ्यांकडे बघून खांदे उडवले आणि तो गेला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. बाबा जाऊनही सहा झाली. कौस्तुभ अजून चार माणसं जमली की ही हकीकत सांगतो, 'ताईने बोट कशी चुकवली' अशी. लोक हसतात. मीही तिथे असते, ताटं वाढत असते. मला अजून राग येतो.

बस गेल्यावर तिथे फार शांत झालं. ऋताने वाटेच्या तोंडाशी असलेल्या तिकीटघरातल्या बाईंना विचारून फोनवर राहायची सोय केली. कौस्तुभ दोनदा वाटेवर थोडं चढून परत आला. आई दिसली नाही.

"जाऊन बघू का?" तो म्हणाला.

"तिचं तिला बघू दे," मी म्हटलं.

बाबा पिशव्यांजवळ बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "माझी गोळी कुठे आहे?" त्यांना ब्लडप्रेशरची गोळी लागायची.

"मला काय माहीत?"

त्यांनी एक पिशवी उघडली. त्यात दुपटी निघाली. दुसरीत चिवडा आणि थर्मास. त्यांनी चेन ओढून बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रेवा उठली, रडायला लागली. ऋता दुधाची बाटली शोधू लागली आणि तिलाही ती पटकन सापडेना. कौस्तुभने एकेक कप्पा उलटा केला. सगळं गवतावर पसरलं तेव्हा तळाशी बाटली मिळाली, आईच्या लोकरी मोज्यात घातलेली, गरम राहावी म्हणून.

पाच वाजून गेले. बोट गेली असणार. बाबांचं रागावणं आता काळजीकडे झुकलं होतं, पण त्यांना काळजीही रागावूनच करता यायची. "कठडा नाही तिथे," ते पुटपुटले. "एवढा वेळ करतेय काय ही बाई?" मी उठले, आणि तेवढ्यात ती वाटेच्या वळणावर दिसली.

सावकाश येत होती. केस सुटले होते, स्कार्फ हातात होता. जवळ आली तेव्हा दिसलं, तिच्या कुडत्याची पुढची बाजू गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत मातीने आणि दगडावरच्या करड्या बुरशीने माखली होती. ती पोटावर झोपली होती.

"बोट गेली," बाबा म्हणाले.

"हो का."

"हो का काय? रात्री बेटावर राहायचंय आता सगळ्यांना. लहान बाळाला घेऊन. एवढं काय बघत होतीस तास तास?"

"बघून पाच मिनिटांत झालं होतं माझं," आई म्हणाली.

"मग?"

"मग रागावले होते."

तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की बाबांना आधी कळलंच नाही. "कोणावर?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर. याच्यावर. माझ्यावरही, हो हो म्हणत आले म्हणून." ती भिंतीला टेकली. "तुम्ही वाटेत हात धरलात, तो सोडवून गेले. वर जाऊन सगळे झोपतात तशी झोपले. खाली बघितलं. फार बरं वाटलं. मग उठायला गेले तर अंग थरथरायला लागलं. मला वाटलं वाऱ्याने. वाऱ्याने नव्हतं. मला इतका राग कधी आला नव्हता हो. हातपाय असे कापत असताना त्या काठावर उभं राहणं बरं नव्हे. म्हणून तशीच पडून राहिले. शेजारची माणसं बदलली तीन वेळा."

बाबांनी टोपी काढली. पुन्हा घातली नाही.

"उतरला का आता?" कौस्तुभने विचारलं. त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा आला.

"सगळा नाही. चालता येण्याइतका उतरला."

रेवा बाटली चोखत होती. मग बाबा खाकरले. "माझी गोळी," ते म्हणाले, "सापडत नाहीये."

तिचा हात पिशवीकडे गेला. मी बघत होते, सवयीने गेला. मग तिने तो मागे घेतला.

"निळ्या पिशवीत आहे," ती म्हणाली. "शोधा."

बाबा शोधू लागले. आईने माझ्याकडून बाटली घेतली, पाणी प्यायली आणि तोंड पुसत मला विचारलं, "तू बघितलास ना नीट?"

"नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या आधी बघायचा नव्हता मला. मी पाठ करून उभी होते."

आता ती माझ्यावर चिडली. अगदी बाईंसारखी, वर्गात आकृतीला नावं न देणाऱ्या मुलीवर चिडायची तशी. "इतक्या लांब येऊन पाठ करून उभी राहिलीस? याला काय म्हणायचं? माझ्या वाटणीचा राग त्या कड्यावर कशाला काढलास?" मग तिने तिकीटघराकडे पाहिलं. "बंद कधी होतं हे?"

"सहाला," ऋता म्हणाली. "अजून वेळ आहे, आई."

"चल," आई मला म्हणाली. "मी दाखवते."

"आत्ता? परत चढणार तू?" बाबा म्हणाले. त्यांच्या एका हातात गोळ्यांचं पाकीट होतं, दुसऱ्यात बाळाचं टोपडं. "आणि आम्ही काय करायचं?"

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती तिच्या चेहऱ्यावर. "तुम्ही थांबा," ती म्हणाली.

आम्ही निघालो. आई पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर एका मोठ्या दगडापाशी ती थांबली, दंड चोळला आणि म्हणाली, "इथे धरला होता." मग पुन्हा चढू लागली. वर जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. तिने मला आपल्या जागेवर नेलं, गवत जिथे दबलं होतं तिथे, आणि सांगितलं, "आधी गुडघ्यांवर. मग पोटावर. हात बाजूला पसर. आता सरक."

मी सरकले. हनुवटी काठावर आली आणि जग एकदम खाली गेलं. आई माझ्या शेजारी झोपली होती, खांद्याला खांदा लावून.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"पाणी."

"पाणी सगळ्यांना दिसतं. पायथा बघ."

मी बघितला. लाटांनी खालचा दगड खाऊन खाऊन कडा आत गेला होता, पार आत, आणि आम्ही दोघी ज्याच्यावर झोपलो होतो तो भाग पुढे आलेल्या छज्ज्यासारखा नुसता हवेत होता. फळ्यावर आई कडा सरळ काढायची, पट्टी लावून.

"मग हा पडत कसा नाही?" मी विचारलं.

"पडतो की," आई म्हणाली. "पण एका लाटेने नाही."

वारा आमच्या पाठीवरून जात होता. खाली बाबा, कौस्तुभ आणि सगळ्या पिशव्या आमच्यासाठी थांबल्या होत्या. आम्ही घाई केली नाही.